रांग पुसून सांगितलेली गोष्ट

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यातल्या शादीखान्यात करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम झाला. वक्ते बाहेरगावचे होते. पडद्यावर व्हॉट्सॲपच्या जॅन कूमचा फोटो आला आणि ते गरजले, "हा माणूस अमेरिकेत आला तेव्हा खिशात दमडी नव्हती. पुढे १९ अब्ज डॉलरला कंपनी विकली. त्याने सरकारपुढे हात पसरला का? मग तुम्ही स्कॉलरशिपच्या नावाने का रडता?" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी येऊन कूमबद्दल वाचलं आणि त्या टाळ्यांची लाज वाटली.

कारण वक्त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'हो, पसरला' असं आहे.

कूमचा जन्म १९७६ चा, युक्रेनमधल्या कीव्हचा. ज्यू कुटुंब, घरात गरम पाण्याची सोय नाही. १९९२ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो आई आणि आजीबरोबर कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू शहरात आला. वडील मागून येणार होते, ते आलेच नाहीत. तिकडे शाळेच्या सामानावर खर्च नको म्हणून आईने बॅगेत पेनं आणि वीस सोव्हिएत वह्या कोंबल्या होत्या.

राहायला घर मिळालं ते सरकारी मदतीने. आई लोकांची मुलं सांभाळायची, पोरगा किराणा दुकानात झाडू मारायचा. तेवढ्यात भागेना, म्हणून फूड स्टॅम्प, म्हणजे धान्यासाठीची सरकारी कुपनं. ती घ्यायला रांगेत उभं राहावं लागायचं. पुढे आईला कॅन्सर झाला, तेव्हा तिला मिळणाऱ्या सरकारी भत्त्यावर घर चाललं. कॉलेजही सरकारीच, सॅन होजेचं विद्यापीठ. नेटवर्किंग तो स्वतः शिकला, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पुस्तकं आणून आणि वाचून झाली की परत करून. ही त्याची जिद्द, ती कोण नाकारतो? पण ज्या फ्रीबीएसडी प्रणालीवर त्याचा हात बसला, ती बर्कलेच्या सरकारी विद्यापीठातल्या कामातून निघालेली आणि सगळ्यांना फुकट. याहूमध्ये नोकरी लागली त्यात तिचा मोठा वाटा होता, गरिबीतून वर यायला तिची मदत झाली, असं त्याने स्वतः सांगितलं आणि २०१४ मध्ये त्या कामाला दहा लाख डॉलर दिले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत फेसबुकशी करार झाला. सही करायला कूम कुठे गेला? ज्या सरकारी कचेरीबाहेर तो कुपनांसाठी उभा राहायचा, तिच्या दारात. इमारत तेव्हा बंद पडलेली होती. अब्जाधीश होताना या माणसाला रांग आठवली. आमच्या वक्त्यांनी मात्र ती गोष्टीतून पुसून टाकली.

ही पुसापुशी साधी नाही. व्हॉट्सॲप सुरू झालं २००९ मध्ये. त्याच वर्षी आपल्याकडे अल्पसंख्याक संशोधकांसाठी मौलाना आझाद फेलोशिप सुरू झाली. २०२२ मध्ये ती बंद करण्यात आली. त्याच वर्षी पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची स्कॉलरशिपही थांबली. कारण दिलं गेलं की शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच आहे. वही, दप्तर, रिक्षाचं भाडं मोफत आहे का? माझी धाकटी बहीण तेव्हा पाचवीत होती. वर्षाचे हजार रुपये यायचे. हसाल तुम्ही, पण कूमच्या आईने वीस वह्या का भरल्या होत्या ते आमच्या अम्मीला विचारा.

कुणी म्हणेल, त्या रांगेत हजारो होते, व्हॉट्सॲप एकानेच काढलं. बरोबर आहे. रांगेतून कंपनी निघत नाही. पण पोटाला आणि डोक्यावर छप्पर मिळालं नसतं, तर तो पोरगा पुस्तक हातात घ्यायच्या ऐवजी दुसऱ्या दुकानात झाडू मारायला गेला असता. आपल्या किती मुलांनी दहावीनंतर गॅरेज गाठलं, ते मोजायला मोहल्ल्याबाहेर जावं लागत नाही. त्यांच्यात जिद्द नव्हती, असं म्हणायची माझी हिंमत नाही.

आता थोडं आपल्यालाही. नवऱ्याला मागे ठेवून, म्हातारी आई आणि पोराला घेऊन परदेशी निघालेली बाई आपल्यात असती, तर तिच्याबद्दल आपण काय बोललो असतो? कूमचा फोटो आपण पडद्यावर लावतो, पण त्याच्या आईसारखी बाई शेजारी राहायला आली तर दार लावून घेतो. आणि त्या दिवशी शादीखान्यात मुलींच्या खुर्च्या किती होत्या? मी मोजल्या. नऊ.

दोस्तांनो, मेहनत करा, त्याला पर्याय नाही. पण स्कॉलरशिप मागणं म्हणजे भीक, असं सांगणाऱ्यासाठी टाळ्या वाजवू नका. आपण कर भरतो, अगदी मोबाइल रिचार्जवरसुद्धा. मागतो ती खैरात नव्हे, हक्क आहे. बंद झालेल्या योजनांचा जाब आमदार-खासदारांना विचारा, लेखी विचारा. आणि शादीखान्याच्या ट्रस्टींनाही एक अर्ज द्या. लग्न नसेल त्या दिवशी हॉल कुलपात असतो. तिथे अभ्यासिका निघाली पाहिजे, मुलींसाठीसुद्धा. अर्जावर पहिली सही मी केली आहे.