निद्रा ही चैन नव्हे

रविवारच्या सकाळच्या मिस्साला चौथ्या बाकावर बसणारा एक मध्यमवयीन शेतकरी प्रवचन सुरू झाले की डुलक्या घेऊ लागे. एका रविवारी माझा संयम सुटला. गेथशेमानी बागेत झोपी गेलेल्या शिष्यांचा दाखला देत मी वेदीवरून असे काही टोमणे मारले, की सारी सभा वळून त्याच्याकडे पाहू लागली. मिस्सा संपल्यावर तो दाराशी येऊन खाली मान घालून म्हणाला, "फादर, रात्री बाराला वीज आली. उसाला दारे धरत होतो, तो घंटा ऐकून तसाच निघालो." त्याच्या पायांवरचा चिखल अजून ओला होता. गेथशेमानीच्या शिष्यांना प्रभूने जागे राहण्यास सांगितले होते. या माणसाला जागे ठेवणारा कोण होता, याचा विचार मी केलाच नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या युवकांच्या बैठकीत नेमका उलटा सूर ऐकू आला. एक हुशार मुलगा मोठ्या उत्साहाने सांगत होता, की आठ तास झोपणे हा आयुष्याचा अपव्यय आहे. थोर माणसे चारच तास झोपतात. झोपेचे तुकडे करून दिवसभरात वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या घेतल्या, तर आयुष्याची कित्येक वर्षे वाचतात. बाकीची मुले माना डोलावत होती. परीक्षेच्या दिवसांत रात्र जागवणे आणि दुसऱ्या दिवशी ते मिरवणे ही आपल्या घरांतही आता प्रतिष्ठेची गोष्ट झाली आहे. पालकही शेजाऱ्यांना कौतुकाने सांगतात, "आमचा पहाटे तीनपर्यंत जागतो." या कौतुकाविरुद्ध मला आज लिहायचे आहे.

रात्रीचे आकर्षण मी नाकारत नाही. घर निजलेले असते, कोणी हाक मारत नाही, मन एकाग्र होते. आपल्या धर्मपरंपरेलाही रात्र प्रिय आहे. निकदेम प्रभूकडे आला तो रात्री. नाताळचा मिस्सा आपण मध्यरात्री साजरा करतो. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणाऱ्यांना जागरणाचा आनंद मी वेगळा सांगायला नको. पण जागरण हे व्रत आहे, आणि व्रताला आरंभ व शेवट असतो. व्रत रोजचे झाले की त्याचे व्यसन होते.

मठवासीयांचे उदाहरण मला हटकून दिले जाते. "फादर, संन्यासी मध्यरात्री उठून प्रार्थना करीत, मग आम्ही जागलो तर काय बिघडले?" सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी लिहिलेली नियमावली वाचावी. हिवाळ्यात मठवासीयांनी रात्रीच्या आठव्या प्रहरी उठावे असे ते सांगतात. रोमन गणनेचा प्रहर म्हणजे साधारण एक तास, आणि रात्र मोजायची सूर्यास्तापासून. म्हणजे अर्धी रात्र उलटून जाईपर्यंत विश्रांती व्हावी आणि अन्न पचावे, हा त्यांचा स्पष्ट हेतू. उन्हाळ्यात रात्र लहान, म्हणून दुपारच्या जेवणानंतर अंथरुणावर पडण्याची मुभा. झोपेचे दोन भाग त्यांनीही केले, पण झोपेची चोरी केली नाही. मठवासी लवकर निजत, सगळे एकत्र निजत आणि नेम मोडत नसत. आपल्याकडेही दुपारी लिंबाखाली घोंगडी टाकणारा शेतकरी आळशी ठरत नाही. माझा विरोध अशा डुलकीला नाही. माझा विरोध आहे तो झोप ही शत्रू आहे या विचाराला.

झोपेचे तुकडे करण्याचा प्रयोगही नवा नाही. अमेरिकेतील बकमिन्स्टर फुलर हे कल्पक संशोधक दर सहा तासांनी अर्धा तास, म्हणजे दिवसाकाठी अवघे दोन तास झोपत असल्याचे १९४३ साली 'टाइम' साप्ताहिकाने छापले होते. त्यांनी तो क्रम पुढे सोडून दिला, कारण त्यांचे सहकारी इतरांसारखे झोपण्याचा आग्रह धरीत. माणूस एकटा जगत नाही. जो घरच्यांच्या वेळेला झोपत नाही, तो घरच्यांच्या ताटावर आणि सायंकाळच्या रोझरीलाही नसतो.

देहाचेही स्वतःचे वेळापत्रक आहे. ते चालवणारी यंत्रणा फळमाशीच्या पेशींतून उलगडून दाखवल्याबद्दल हॉल, रोसबाश आणि यंग या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सूर्यप्रकाशाशी जुळलेले हे घड्याळ सुटीच्या दिवशी किंवा पाळी बदलल्याबरोबर मागेपुढे करता येत नाही. म्हणूनच दिवसा घेतलेली झोप उथळ आणि तुटक राहते. देहाचे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात ठेवले, आणि २०१९ साली रात्रपाळीबाबत तोच निष्कर्ष कायम केला.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. जो मुलगा हौसेने जागतो, त्याला उद्या ती हौस सोडता येईल. आपल्या प्रवराकाठी मात्र हौस नसताना जागणारी माणसे घरोघर आहेत. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले, कालवे आले, ऊस आला, कारखाने आले. या भागाचे दैन्य हटले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण त्या उसाबरोबर जागरणही आले. शेजपाळीचे पाणी रात्र पाहत नाही. गळीत हंगामात कारखाना चोवीस तास चालतो आणि कामगाराची पाळी बदलत राहते. ऊसतोड करणारी जोडपी पहाटेच्या काळोखात कोयता हाती घेतात. आणि शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. त्या काळोखात उसाच्या सरीत घोणस असते, बांधावर बिबट्या असतो, आणि बॅटरी घेऊन उभा असलेला माणूस झोपेने आंधळा झालेला असतो. त्याला आपण "कष्टाळू" म्हणतो आणि विषय संपवतो. हे कौतुक मला क्रूर वाटते. दुसऱ्याच्या झोपेवर उभ्या असलेल्या व्यवस्थेला आपण सद्‌गुणाचे नाव देत आहोत.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कामाचे तास माणसाच्या शक्तीबाहेर जाऊ नयेत असे बजावले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली विश्रांती हा कामगाराचा हक्क म्हणून सांगितला. दिवंगत पोप फ्रान्सिस आपल्या मेजावर निद्रिस्त संत योसेफाची मूर्ती ठेवीत आणि अडचणींच्या चिठ्ठ्या तिच्याखाली सरकवीत, हे त्यांनीच २०१५ साली मनिला येथे सांगितले होते. थकून झुडपाखाली पडलेल्या एलिया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. मी मात्र एका थकलेल्या माणसाला चारचौघांत उपदेश केला.

म्हणून माझे म्हणणे असे. पालकांनी मुलांच्या जागरणाचे कौतुक थांबवावे आणि रात्री दहानंतर मोबाइल मुलांच्या उशाशी ठेवू नये. शेतीला दिवसा वीज मिळावी हा मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा घोषित हेतू आहे. आपल्या फीडरवर ती पोहोचली आहे की नाही, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत आपल्या लोकांनी उभे राहून विचारावा. रात्रपाळी करून आलेल्याच्या घरी दुपारी टीव्हीचा आवाज कमी असावा, आणि पाहुण्यांनीही ते समजून घ्यावे. आम्हा धर्मगुरूंचेही कर्तव्य आहेच. शनिवारी सायंकाळी मिस्सात भाग घेतला तरी रविवारचे बंधन पूर्ण होते, हे १९८३ च्या धर्मसंहितेत स्पष्ट आहे. आम्ही तो मिस्सा सुरू केला आहे.

चौथ्या बाकावरचा तो शेतकरी हल्ली शनिवारी येतो. मी त्याची क्षमा मागितली, तेव्हा तो संकोचाने हसला. अजूनही एखाद्या शनिवारी त्याची मान कलते. त्या दिवशी मी प्रवचन आवरते घेतो.