विश्लेषण : परदेशात घोड्यावर बसण्याआधी विमा का वाचावा?

सीबीडी बेलापूर, नेरूळ, खारघर परिसरातील अनेक मुलांची घोड्याशी पहिली ओळख माथेरानला होते. दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या गाड्या जात नाहीत. घोडेवाला लगाम धरून बाजूने चालतो, फोटो निघतो, सैर संपते. आता हीच कुटुंबे सुट्टीत कझाकस्तान, आइसलँडला जातात आणि तिथेही सहज घोड्यावर बसतात. मात्र माथेरानचा अनुभव तिथे पुरा पडत नाही.

फरक कशात आहे?

परदेशातील सफरीत बहुधा लगाम पर्यटकाच्याच हाती असतो. वाटाड्या पुढे, मागे सात-आठ घोड्यांची रांग आणि वाट डोंगरउताराची. कझाकस्तानातील कोलसाई तलावांच्या परिसरात अशा सफरी मिळतात. घोड्यावर बसलेल्याचे डोके जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंचीवर असते. एक घोडा बुजला की मागचेही बुजतात. पडताना पाय रिकिबीत अडकला तर माणूस फरफटत जातो. म्हणून चप्पल नको. थोडी टाच असलेले बंद बूट हवेत.

नुसते पाहणाऱ्यांना धोका आहे का?

आहे. मध्य आशियात बकऱ्याच्या धडासाठी दोन संघांतील घोडेस्वार झुंजतात. किरगिझस्तानात या खेळाला ‘कोक-बोरू’ म्हणतात. 2017 मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. मोठ्या स्पर्धांत प्रेक्षकांसाठी वेगळी जागा असते. गावच्या माळावर ती असेलच असे नाही आणि वेगात आलेला घोडा जागच्या जागी थांबत नाही. व्हिडीओसाठी पुढे सरकणे तिथे महागात पडू शकते.

हेल्मेट खरेच हवे?

2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. अश्वारोहणातले 41 वर्षांनंतरचे पहिले. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. ड्रेसाज हा सपाट मैदानावरचा, शिस्तीतला प्रकार. तरीही 2021 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्यासाठी हेल्मेट सक्तीचे आहे. कसलेल्या स्वारांना जे सक्तीचे, ते पहिल्यांदा खोगिरावर बसणाऱ्याला नको कसे?

विम्याचा प्रश्न कुठे येतो?

शेंगेन व्हिसासाठी किमान 30 हजार युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण लागते. त्यामुळे युरोपला जाणारा विमा घेतो, पण बहुतेकदा व्हिसासाठी; वाचत नाही. कझाकस्तानात भारतीयांना 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. व्हिसाच नसल्याने विम्याचे कुणी विचारतही नाही. विमा घेतला, तरी अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. घोडेस्वारी त्यात मोडते का, हे प्रत्येक कंपनीच्या शब्दरचनेवर ठरते. ती मोडत असेल, तर डोंगरातून शहरातील रुग्णालयात हलवण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंतचा सगळा खर्च कुटुंबाच्या माथी येतो.

निघण्यापूर्वी काय करावे?

* घोडेस्वारी पॉलिसीत धरली आहे का, हे विमा कंपनीला ईमेलने विचारा. तोंडी उत्तरावर थांबू नका.
* हेल्मेट न घातल्यास दावा नाकारला जाईल का, तेही विचारा.
* सफर ठरवताना आपल्या मापाचे हेल्मेट मिळेल याची खात्री करा. मुलांचे माप आधी कळवा.
* कधी घोड्यावर बसला नसाल तर तसे स्पष्ट सांगा. शांत घोडा मिळतो.
* पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचा मदत क्रमांक आणि त्या देशातील भारतीय दूतावासाचा क्रमांक मोबाइलबरोबर कागदावरही ठेवा. युरोपीय संघात आपत्कालीन क्रमांक 112 आहे.

जबाबदारी कुणाची?

केवळ पर्यटकाची नाही. सहलीच्या जाहिरातीत घोडेस्वारीचा फोटो छापणाऱ्या कंपनीने, ती विम्यात बसते की नाही हेही त्याच पानावर, मराठीत छापले पाहिजे. ग्राहकाने बारीक अक्षरे शोधत बसावे, ही अपेक्षा चुकीची आहे. आणि सवय लावायचीच असेल, तर ती माथेरानपासून लावावी. तिथे मुलाला घोड्यावर बसवताना आपण भाव करतो, फोटो काढतो. हेल्मेट मात्र मागत नाही. पर्यटकांनी ते मागायला लागावे आणि पालिकेने घोडेवाल्यांना ते पुरवावे. घराजवळ हेल्मेट घालायला शिकलेले मूल परदेशात त्यावाचून घोड्यावर बसणार नाही.