चूक वर्णनातली, भुर्दंड कोणाला?

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोदबीज लिलावात एक मराठा तलवार विक्रीला आली. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजीराजे भोसले यांची ही तलवार राज्य सरकारने मध्यस्थामार्फत मिळवली. वाहतूक, विमा धरून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. या तलवारीच्या ओळखीचा मोठा आधार म्हणजे पात्यावर देवनागरीत कोरलेले रघुजीराजांचे नाव. ती एक ओळ नसती, तर कॅटलॉगमध्ये ती ‘अठराव्या शतकातील एक तलवार’ एवढीच उरली असती. किंमतही तशीच लागली असती.

जुन्या वस्तूंच्या बाजाराचे मर्म इथेच आहे. इथे वस्तूइतकेच, किंबहुना जास्तच, तिचे वर्णन विकले जाते. मग ते वर्णनच चुकले तर?

हा प्रश्न आता लंडनपुरता राहिलेला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेचे भारतातील संकेतस्थळ बंद झाले. हौशी संग्राहकांचे बरेचसे व्यवहार मग लिलावगृहांच्या ऑनलाइन बोलीत आणि व्हॉट्सॲप, फेसबुकच्या गटांत होऊ लागले. रात्री दहाला बोली बंद, सकाळी यूपीआयने पैसे, चार दिवसांनी पाकीट घरी. पाकीट उघडल्यावर ‘हे ते नाणे नव्हेच’ असे लक्षात आले, की वाद सुरू. गटचालक म्हणतो, ‘तुमचे तुम्ही बघा.’ विक्रेता म्हणतो, ‘फोटो दिला होता ना?’ खरेदीदार म्हणतो, ‘लिहिले काय होते?’

तीन चुका, तीन न्याय

पहिली चूक हाताची. पाच हजारांच्या जागी पाचशे टाइप झाले, किंवा एका लॉटला दुसऱ्याच नाण्याचा फोटो लागला.

दुसरी अज्ञानाची. शिवराईचेच उदाहरण घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरू केले. मात्र ते पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही पडत राहिले. मधोमध दोन दांड्या असलेली ‘दुदांडी’ शिवराई ही त्या उत्तरकाळातली. पण बाजारात तीही सर्रास ‘शिवकालीन’ म्हणून येते. नागपूरकर भोसल्यांच्या रुपयांचे उलट होते. त्यांवर मुघल बादशहाचे नाव असल्याने ते ‘मुघल नाणे’ म्हणून खपतात आणि विकणाऱ्याचेच नुकसान होते.

तिसरी चूक ही चूक नसतेच, ती लबाडी असते. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया दुर्मीळ. म्हणून १९३८ च्या रुपयातला शेवटचा आकडा कोरून त्याचा ‘१९३९’ केला जातो. ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असे लिहिलेली राम दरबाराची ‘नाणी’ तर चलनात कधी नव्हतीच.

या तिन्ही गोष्टींना एकाच मापाने मोजणे, हेच निम्म्या भांडणांचे मूळ आहे.

हातोडा पडण्याआधी आणि नंतर

लिलावाचा नियम १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ६४ मध्ये आहे. हातोडा पडला की विक्री पूर्ण होते. तोवर बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. विक्रेत्याने आपलाच माणूस बसवून गुपचूप बोली वाढवली, तर खरेदीदार त्या विक्रीला फसवणूक ठरवू शकतो. ऑनलाइन लिलावात हातोड्याची जागा बोली संपण्याच्या वेळेने घेतली आहे. बाकीच्या अटी त्या त्या लिलावाच्या असतात, म्हणून बोलीआधी त्या वाचणे आलेच.

तेव्हा चूक लक्षात आली, तर ती सुधारायची वेळ बोली संपण्याआधीची. मोठी लिलावगृहे लॉट पुकारण्यापूर्वी दुरुस्तीची सूचना जाहीर करतात. व्हॉट्सॲप गटातही हे अवघड नाही. जुना संदेश गुपचूप खोडू नये. त्याखालीच दुरुस्ती लिहावी आणि आधी बोली लावलेल्यांना माघार घेऊ द्यावी.

बोली संपल्यावर मात्र ‘माझी चूक झाली’ एवढ्याने विक्रेता सुटत नाही. १८७२ च्या करार कायद्यातील कलम २२ सांगते, की केवळ एका पक्षाची चूक झाली म्हणून करार रद्द करता येत नाही. करारातील एखाद्या आवश्यक वस्तुस्थितीबद्दल दोघांचीही चूक झाली असेल, तर कलम २० नुसार तो निरर्थक ठरतो. पण ‘किंमत कमी धरली’ ही चूक त्यात मोडत नाही. समजा, कुणी दुर्मीळ टांकसाळीचा रुपया साधा समजून दोन हजारांत दिला. दुसऱ्या दिवशी त्याची खरी किंमत कळली, तर हळहळावे. नाणे अडवून ठेवू नये. टाइप करताना एक शून्य गळाल्याचे उघड दिसत असेल, तिथे मात्र खरेदीदाराने हटून बसणे शोभत नाही. उद्या तोही विक्रेता असतो.

खरेदीदाराच्या हाती काय?

वस्तू वर्णनाशी जुळलीच पाहिजे, ही माल विक्री कायद्याच्या कलम १५ मधील गृहीत अट आहे. विक्रेत्याचा हेतू प्रामाणिक होता की नव्हता, हा प्रश्न इथे येत नाही. ‘शिवकालीन’ लिहिले आणि दुदांडी पाठवली, तर पैसे परत करणे हा उपकार नव्हे.

ई-कॉमर्ससाठी २०२० चे ग्राहक संरक्षण नियम त्याहून स्पष्ट आहेत. वर्णनाप्रमाणे नसलेला किंवा बनावट माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे. तेथे दाद लागली नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो तिथे करता येते. विक्रेता कोलकात्याचा असला, तरी नागपूरच्या ग्राहकाला तिकडे जावे लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

यात दोन खाचा आहेत. घरातले आजोबांचे नाणे एखाद्या वेळी विकणाऱ्या माणसाला हे ई-कॉमर्स नियम लागू होत नाहीत. आणि पुन्हा विकून नफा कमावण्यासाठी घेणारा कायद्याच्या लेखी ‘ग्राहक’ नसतो. व्हॉट्सॲप गटांतले कितीतरी व्यवहार नेमके या खाचांत पडतात. तिथे गटाने स्वतः घातलेले नियमच पहिला आधार ठरतात.

खरेदीदारानेही जपायचे

हक्क आहे म्हणून महिनाभर नाणे मिरवून मग तक्रार करता येत नाही. वाजवी वेळेत नकार न कळवता वस्तू ठेवून घेतली, तर ती स्वीकारली असे कायदा मानतो. फोटोत दोन दांड्या ढळढळीत दिसत असताना आणि वर्णनात काळाचा उल्लेखच नसताना ‘मला शिवकालीन वाटली’ हे कारणही टिकणारे नाही. शिवाय नाणे बदलून परत पाठवणारे महाभागही असतात, हे विक्रेत्यांचे दुखणे खोटे नाही.

उपाय सोपे आहेत. बोली संपण्याआधी वर्णनाचा स्क्रीनशॉट घ्या. पाकीट उघडताना, शिक्का आणि पत्ता दिसेल असा, न थांबवता व्हिडिओ काढा. नाणे घासू नका, धुऊ नका. स्वच्छ केलेले नाणे परत घ्यायला कुणीही का-कू करेल. शक्य तर वजन करा. ब्रिटिशकालीन चांदीच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असते. इतवारीतला कोणताही सराफ ते मिनिटभरात सांगेल. विक्रेत्यानेही दोन्ही बाजू, कड आणि वजनकाट्यावरचा आकडा यांचे फोटो आधीच ठेवावेत.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते परदेशात पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याने बोली जिंकली तरी पाकीट तिकडे धाडू नये.

आणि जिथे आधी ‘नोंदणी शुल्क’ मागितले जाते, तिथे वाद नसतो, फसवणूक असते. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपल्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे. पैसे गेलेच असतील, तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा.

नियम आधी, बोली नंतर

प्रत्येक गटाने चार ओळी तरी वर लावून ठेवाव्यात. वर्णनाची जबाबदारी विक्रेत्याची. दुरुस्ती बोली संपण्याआधी, सर्वांसमोर. वस्तू मिळाल्यापासून तीन दिवसांत पुराव्यासह तक्रार. तक्रार खरी ठरल्यास जाण्या-येण्याच्या टपालखर्चासह पैसे परत. वाद मिटेना, तर दोघांनाही मान्य असलेल्या जाणकाराचा शब्द अखेरचा.

चूक होणे हा गुन्हा नाही. ज्याने वर्णन लिहिले, त्याने तिचा खर्च दुसऱ्याच्या माथी मारणे मात्र गैर आहे. चुकीचे वर्णन एकदा खपले की तेच पुढच्या विक्रीत पुरावा म्हणून फिरते. दोन-चार हातांतून गेल्यावर दुदांडी खरोखरच ‘शिवकालीन’ होऊन बसते. तेव्हा केवळ एका खरेदीदाराचे पैसे बुडत नाहीत, आपला इतिहासही खोटा होतो. पात्यावरच्या एका ओळीने रघुजीराजांची तलवार ओळखता आली. आपण मोबाइलवर लिहितो ती ओळही तितकीच खरी असायला हवी.