शब्द सोयराचे, चाल कुणाची?

आषाढीच्या आदल्या आठवड्यात आमच्या शहरात संतवाणीचा कार्यक्रम होतो. काही वर्षांपूर्वी 'संत कवयित्री' असा विषय ठरला आणि मलाही एक अभंग गायला बोलावलं. मी सोयराबाईंचा विटाळावरचा अभंग निवडला आणि त्याला स्वतः चाल लावली. तालमीच्या दिवशी संयोजकांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस सभ्य. म्हणाले, "ताई, चाल छान आहे. पण विटाळ हा शब्द... समोर घरंदाज मंडळी बसलेली असतात. सोयराबाईंचाच तो रंगाचा अभंग घ्या ना, लोकांना आवडतो." मी घेतला नाही, आणि पत्रिकेतून माझं नाव गेलं. कार्यक्रम मात्र थाटात झाला. गाणाऱ्या सगळ्या बायका, चाली सगळ्या पुरुषांच्या, आणि बाईच्या मनाचा ठाव घेणारं निवेदन एका प्राध्यापक महाशयांचं!

राग निवल्यावर मनात आलं, या गृहस्थांवर चिडून काय उपयोग? त्यांनी तोंडावर सांगितलं एवढंच. न सांगता हेच आपल्या भक्तिगीतांत आणि भावगीतांत कित्येक वर्षं चालू आहे, आणि आपण स्त्री-चळवळीतल्या बायकांनी तिकडे कधी लक्ष दिलेलं नाही. कवितेची समीक्षा आपण केली, सिनेमाची केली, जाहिरातींना तर काळं फासलं. चाल मात्र निरागस असते असं धरून चाललो.

चाल निरागस नसते. कवीच्या शब्दांना संगीतकार नुसता साज चढवतो, असं म्हणतात. पण कुठला अभंग उचलायचा, त्यातली किती कडवी ठेवायची, ध्रुपद म्हणून कुठली ओळ पुन्हा पुन्हा घोळवायची, सम कुठल्या शब्दावर आणायची, हे सगळं कोण ठरवतं? जी ओळ पाच वेळा येते ती ऐकणाऱ्याच्या मनात राहते, जी एकदाच घाईनं म्हटली जाते ती विरून जाते. सोयराबाई काय म्हणाली हे गाथेत असतं. ती काय म्हणाली असं लोकांना वाटतं, ते चाल ठरवते.

78च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. तेव्हा अभंग काटावाच लागे. प्रश्न एवढाच, की कात्री कुणाच्या हातात होती. आता तबकडी गेली, कॅसेट गेली, वेळेचं बंधन उरलं नाही, तरी निवड त्याच वळणाची आहे. विठ्ठलाला लेकुरवाळा म्हणणारी जनी आपल्याला पाठ आहे. डोक्यावरचा पदर खांद्यावर घेऊन भर बाजारात निघालेली जनी सकाळच्या भक्तिसंगीतात तुम्ही कितीदा ऐकलीत? वारकरी पंथाच्या इमारतीचं रूपक करणारी बहिणाबाई शिऊरकर कीर्तनात नेहमी भेटते. तिनंच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत नवऱ्याचा मार लिहून ठेवला आहे. वेद-पुराणं बाईच्या जन्माबद्दल काय म्हणतात, याची तक्रारही तिनं मांडली आहे. सतराव्या शतकातली बाई हे लिहून गेली. कुणा बाईनं एकटीनं बसून ते अभंग गायल्याचं माझ्या कानांवर आलेलं नाही.

दुसरीकडे विराण्या पाहा. ज्ञानेश्वर स्त्री होऊन विरह गातात. शब्द पुरुषाचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लताबाईंचा. गाणी अप्रतिम आहेत, मी त्यांच्यावरच वाढले, त्यांना नावं ठेवणार नाही. पण पुरुषानं कल्पिलेल्या बाईची तळमळ बाईच्या गळ्यातून इतकी ऐकली, की बाईचा आवाज म्हणजे हाच, असं आपल्याही मनात बसलं. उंच पट्टीतला, हळवा, वाट पाहणारा. जात्यावर ओढ घेताना निघणारा खालचा, भरड आवाज त्यात बसत नाही. असा आवाज घेऊन एखादी मुलगी गायन क्लासला गेली, तर आधी तिला काळी चार-पाचच्या पट्टीत ढकलतात.

गीतरामायणाचंच घ्या. 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्यामागून आठवडे ते लागलं, एकूण 56 गीतं, गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली. त्यातल्या सीतेनं आपल्या आयांना रडवलं. पण जात्यावरच्या ओव्यांतली सीता वेगळी आहे. ती आपला वनवास, सासुरवास गावोगावच्या बायकांना वाटून देते. ज्याच्या-त्याच्या घरी तिचा वाटा! ही सीता कुणी मैफिलीत आणली?

सगळ्यात मोठी चोरी, आणि चोरी हा शब्द मी विचार करून वापरते आहे, बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत झाली. बाईंना लिहिता येत नव्हतं. त्या काम करताना गात होत्या, म्हणजे शब्द आणि सूर एकदमच येत असणार. 1951 साली त्या गेल्या, 1952 साली सोपानदेवांच्या आणि अत्र्यांच्या खटपटीनं पुस्तक निघालं. फार मोठं काम झालं, त्यात वाद नाही. पण पुस्तकात शब्द आले, चाल आली नाही. मग 1961च्या 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांनी त्या कवितांना चाली दिल्या, आणि आज महाराष्ट्राला बहिणाबाई त्याच चालींत ठाऊक आहेत. वसंत पवारांनी चोरी केली असं मी म्हणत नाही, चाली गोडच आहेत. पण बहिणाबाईंना सगळ्यांनी कवयित्री म्हटलं, संगीतकार कुणीच म्हटलं नाही. तिनं आयुष्यभर गायलेलं कुठं गेलं, असं विचारायचंही कुणाला सुचलं नाही. बाईचं गाणं वाऱ्यावरचं, त्याला कर्ता कसला?

याच्या उलटही करून दाखवता येतं. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांसोबत जात्यावरच्या 1 लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, 1990च्या दशकात त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित झाल्या. 2017पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियानं त्या लोकांपुढे आणल्या, त्याही गाणारीच्या नावानिशी आणि गावानिशी. शब्दासोबत गळा जपला. साठ-सत्तर वर्षं आधी खानदेशात असं कुणी केलं असतं तर!

आणि बायकांना चाल बांधता येत नाही, हे तर बोलूच नका. ज्या रंगाच्या अभंगाचा संयोजकांनी आग्रह धरला, त्याला चाल कुणी दिली? किशोरी आमोणकरांनी, आणि गायलाही त्यांनीच. सोयराचे शब्द, किशोरीताईंची चाल, त्यांचाच आवाज. सगळा बाईचा ऐवज, म्हणून तर तो अंगावर येतो. लताबाईंनी 1960च्या दशकात भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना संगीत दिलं, पण 'आनंदघन' या नावानं. टोपणनाव का घेतलं याची कारणं त्यांची त्यांना ठाऊक. मला एवढंच दिसतं, की देशभर ज्या बाईचं नाव गाजत होतं, त्या बाईचं नाव संगीतकाराच्या जागी नव्हतं.

आता आपल्या घरात येते. कार्यकर्त्या रागावतील, पण बोलायलाच हवं. चळवळीनं गाणी खूप दिली. स्त्री मुक्ती संघटनेच्या 1983च्या 'मुलगी झाली हो'पासून आपण गातोच आहोत. पण आपलं गाणं म्हणजे समूहगाणं. दहाजणी, डफ, सिनेमाची किंवा भारुडाची ओळखीची चाल, त्यावर आपले शब्द. मोर्च्याला ते लागतंच. पण बाई मोर्च्यातून घरी जाते आणि रात्री भांडी घासताना एकटी असते, तेव्हा ती काय गुणगुणते? तेच जुनं भावगीत. एकटीनं 'मी' म्हणून गावं असं गाणं आपण तिला दिलं नाही. एकटीचं गाणं आपल्याला मध्यमवर्गीय वाटलं, भक्तीचं गाणं प्रतिगामी वाटलं. त्यामुळे जनी, मुक्ता, सोयरा आपण आपल्या हातानं उत्सव-मंडळांना देऊन टाकल्या. पोथ्यांवर टीका करायला त्यांच्या ओळी भाषणात वापरल्या, गायल्या मात्र नाहीत.

विटाळाच्या त्या अभंगावर मी पहिल्यांदा बसले तेव्हा माझंही हेच झालं. हात आपोआप भैरवीवर गेले. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल अशी चाल झाली. दोन दिवसांनी उमगलं, अरे, ही बाई रडत नाही, वाद घालते आहे! विटाळ देहातच जन्मतो, त्याच्याशिवाय कुणाचाच देह झाला नाही, मग सोवळा कोण, असा सरळ सवाल आहे. करुण चाल लावली की सवालाची विनवणी होते. मग राग सोडून दिला आणि आजीच्या ओवीचा ढंग धरला, खालच्या पट्टीत. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि शेवटचा चारच अक्षरांचा. त्या आखूड चरणानंतर आवर्तनात जागा मोकळी राहते. एरवी तिथं टाळ खणखणतात नाहीतर पेटी वाजते. मी तिथं सगळं थांबवलं. ऐकणाऱ्यानं त्या शांततेत सवालाला तोंड द्यावं, असा माझा बेत होता. आणि ध्रुपद 'विटाळ' या शब्दाचंच केलं, तोच पुन्हा पुन्हा येईल असं. संयोजकांना खटकलं ते बहुधा हेच.

पुढे ती चाल मी एका शिबिरात गायले. वस्तीतल्या बायका होत्या, बऱ्याचशा बौद्ध. गाणं झाल्यावर मी मासिक पाळीवर बोलायला लागले, देवळात जायची बंदी वगैरे. एक मावशी मध्येच म्हणाल्या, "बाई, तुमचा विटाळ चार दिवसांचा. सोयराचा जन्माचा होता." मी गप्पच झाले. चोखोबांची बायको ती. तिच्या जातीला पंढरीच्या देवळाचं दार उघडायला 1947 साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं, हे मला माहीत होतं. चाल बांधताना मात्र ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मीही माझ्यापुरता अर्थ काढून तोच घोळवला होता. त्या संयोजकांनी शब्द टाळला, मी अर्धा गाळला.

मावशींना विचारलं, तुम्ही कशी म्हणाल? त्यांनी टाळ मागवले. मी जिथं शांतता ठेवली होती, तिथं त्यांनी ते जोरात वाजवले. म्हणाल्या, "भांडताना कोण थांबतं?" त्यांची चाल मी मोबाइलवर मुद्रित करून घेतली आहे, त्यांच्या परवानगीनं. आमच्या गटाच्या गाण्यांच्या वहीत या अभंगाखाली आता दोन चाली नोंदल्या आहेत, एक माझी आणि एक त्यांची, दोघींच्या नावानिशी. वहीतल्या बाकीच्या गाण्यांपैकी निम्म्याहून अधिक गाण्यांखाली चालीचं नाव लिहायची जागा अजून कोरी आहे.