विश्लेषण : लाकडी सांध्यांची ‘सुटी कूस’ ब्रँडेडच हवी का?

रत्नागिरीत पावसाळ्यात दरवाजे फुगतात, ड्रॉवर अडकतात, हे कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या किनाऱ्यावर लाकूड चार महिने हवेतले पाणी पीत असते. दुकानात लाकडी सांध्यासाठी पट्ट्यांचे पाकीट घेताना ‘कंपनीचे घ्यावे की साधे?’ हा प्रश्न पडतो, तेव्हा ही हवा सहसा कोणी हिशेबात धरत नाही.

सुटी कूस म्हणजे काय?

पारंपरिक पद्धतीत एका लाकडाचे टोक तासून कूस काढतात आणि दुसऱ्यात पटाशीने खाच कोरून ती बसवतात. सुट्या कुशीच्या पद्धतीत दोन्ही लाकडांत खाच पाडली जाते आणि मध्ये वेगळी पट्टी गोंद लावून घातली जाते. कल्पना जुनीच आहे. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून येथे सापडलेल्या, इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातील जहाजाच्या फळ्या अशाच सुट्या पट्ट्यांनी जोडलेल्या होत्या. जर्मनीच्या फेस्टूल कंपनीने ‘डॉमिनो’ यंत्र आणले आणि काही सेकंदांत नेमकी खाच पडू लागली. त्यामुळे पट्टीलाही आता ‘डॉमिनो’च म्हटले जाते.

कंपनीच्या पट्टीत वेगळे काय?

मुख्यतः माप. ५, ६, ८, १० मिलिमीटर अशा ठरलेल्या जाडीच्या या पट्ट्या बीच लाकडाच्या असतात. त्यांची जाडी खाचेला जुळवलेली असते आणि पृष्ठभागावर गोंद पसरण्यासाठी दाबून केलेली नक्षी असते. सांध्याची ताकद पट्टीच्या दोन रुंद बाजू खाचेच्या भिंतींना चिकटण्यावर आहे. पांढरा गोंद पातळ थरातच नीट धरतो, फट भरून काढत नाही. म्हणून पट्टी दोन-तीन दशांश मिलिमीटरने बारीक असली, तरी नवी खुर्ची घट्ट वाटते आणि वर्ष-दोन वर्षांत कुरकुरू लागते. गिऱ्हाईक मग पट्टीला नाही, सुताराला नावे ठेवते.

पैसे नावाला नव्हे, सगळ्या पट्ट्या सारख्या निघण्याला मोजायचे असतात. इतर उत्पादकांच्या पट्ट्याही चांगल्या असू शकतात, पण ते पाकिटावरून कळत नाही. व्हर्नियर कॅलिपरने पाकिटातल्या कोणत्याही दहा पट्ट्या मोजाव्यात. त्या आपसात जुळल्या, तंतू लांबीच्या दिशेने सरळ असले आणि टाकाऊ लाकडात पाडलेल्या खाचेत पट्टी अंगठ्याच्या दाबाने गेली, की ब्रँड नसल्याची चिंता नको. पट्टी यंत्राला लागतही नाही, त्यामुळे यंत्र बिघडेल ही भीती निराधार. कटरचे मात्र तसे नाही. त्याचा व्यास चुकला, तर महागडी पट्टीही सैल बसते.

मग दमट हवेचे काय?

इथे ब्रँडचा फायदा अर्धा होतो. बीच हे ओलाव्याने बरेच हलणारे लाकूड आहे, सागवानाच्या साधारण दुप्पट. त्यातला ओलावा ८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेला, तर ८ मिलिमीटरची पट्टी पाव मिलिमीटरपर्यंत जाड होऊ शकते. जुलैमध्ये उघड्या पडलेल्या पाकिटात हे सहज घडते. कारखान्यातला काटेकोरपणा तिथेच संपतो आणि पट्टी हातोडीने ठोकावी लागते. ठोकताना गोंद खरवडून खाचेच्या तळाशी जातो, पातळ फळी असेल तर चिरतेही.

घराबाहेरच्या कामात तर प्रश्नच उलटा आहे. बीच कुजायला लवकर बळी पडते, मग ते कोणत्याही कंपनीचे असो. फेस्टूलही बाहेरच्या वापरासाठी सिपो या महोगनीसारख्या लाकडाच्या वेगळ्या पट्ट्या देते. अंगणातल्या बाकासाठी ब्रँडेड बीचपेक्षा वखारीतल्या सागवानाच्या तुकड्यातून तासलेली पट्टी केव्हाही सरस. जाडी रंध्याने जुळवावी. कडा गोल नसल्या तरी चालते, कारण जोर रुंद बाजूंवर असतो. सागवान तेलकट असल्याने तासल्यावर लगेच चिकटवावे आणि गोंद पाण्यात टिकणारा घ्यावा.

पडवीतल्या झोपाळ्याची गोष्ट आणखी वेगळी. तिथे रोज माणसांचे वजन हेलकावे खाते. नुसत्या गोंदावर धरलेली सुटी पट्टी तिथे नकोच, मग ती कोणाचीही असो. आरपार कूस आणि तिच्यातून ठोकलेली लाकडी खुंटी, हीच रीत तिथे योग्य.

साठवण कशी करावी?

पापड जसे ठेवतात तशीच. पाकीट फोडल्यावर उरलेल्या पट्ट्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. फुगलेल्या पट्ट्या फेकू नयेत. मंद आचेच्या ओव्हनमध्ये थोडा वेळ ठेवल्या, की बऱ्याचशा मूळ मापाजवळ येतात. मात्र त्या कोरड्या असतानाच वापराव्यात. गोंदातले पाणी लागले, की त्या खाचेत फुगून आणखी घट्ट बसतात.