‘तू पळालास’ की ‘तू पळालीस’?

गेल्या दिवाळीत आजोळी माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तेव्हा मामाच्या शाळकरी वयातले एक इंग्रजी पुस्तक हाती लागले. मुखपृष्ठ निघालेले, कडा पिवळ्या पडलेल्या. सुरुवातीलाच एक छापील तक्ता होता आणि त्यात पेन्सिलीने आकडे लिहून, खोडून, पुन्हा लिहून कागदाला चक्क भोक पडले होते. मला वाटले, मामाने गणिताची वही म्हणून वापरले असावे. तसे नव्हते. ते पुस्तक वाचायचेच तसे होते.

पुस्तकाचे नाव ‘फ्लाइट फ्रॉम द डार्क’. लेखक जो डेव्हर, चित्रे गॅरी चॉक यांची, प्रकाशन १९८४, इंग्लंड. ‘लोन वुल्फ’ या मालिकेतले हे पहिले पुस्तक. यात सलग कथा नाही. ३५० क्रमांक घातलेले परिच्छेद आहेत आणि ते मुद्दाम विस्कटून छापलेले आहेत. पहिला परिच्छेद वाचून दुसऱ्यावर गेलात तर काही म्हणजे काही कळणार नाही. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी विचारलेले असते : डावीकडे जायचे की उजवीकडे? लपायचे की लढायचे? उत्तर ठरवायचे आणि त्यापुढच्या क्रमांकाचे पान काढायचे. शेवटच्या पानांत शून्य ते नऊ आकड्यांचा एक चौकोन आहे. डोळे मिटून त्यावर पेन्सिलीचे बोथट टोक टेकवायचे. जो आकडा येईल ते आपले नशीब. लढण्याची ताकद १० अधिक तो आकडा, दम २० अधिक पुन्हा काढलेला आकडा. जखम झाली की दम कमी करायचा, म्हणून ते खोडणे. जेवणाची वेळ आली आणि पिशवीत शिधा नसला तर दमातले तीन वजा. दम शून्यावर आला की आपण संपलो.

हा प्रकार डेव्हर यांनी शोधला असे नव्हे. अमेरिकेत एडवर्ड पॅकर्ड यांचे ‘द केव्ह ऑफ टाइम’ १९७९ मध्ये आणि इंग्लंडमध्ये स्टीव्ह जॅक्सन व इयन लिव्हिंगस्टन यांचे ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ १९८२ मध्ये आलेच होते. डेव्हर यांनी त्यात भर घातली ती अशी की नायक एकच ठेवला. या पुस्तकातून जिवंत बाहेर पडलात तर तीच पिशवी, तीच शस्त्रे आणि एक नवी विद्या घेऊन पुढच्या पुस्तकात शिरायचे. डेव्हर २०१६ मध्ये वारले. त्यांनी १९९९ मध्येच ही पुस्तके संगणकाच्या जाळ्यावर विनामूल्य ठेवायला परवानगी दिली होती, त्यामुळे ज्यांच्या मामांच्या ट्रंका नाहीत त्यांचीही सोय आहे.

आता नायकाविषयी. हा एका योद्ध्या साधूंच्या मठातला विद्यार्थी. पंथाचे नाव ‘काय’. (हे नाव घरात मोठ्याने वाचल्यामुळे जो गोंधळ झाला तो सांगत बसत नाही. “कुठला पंथ?” “काय.” “अगं, कुठला?” असे बराच वेळ चालले.) वर्गात लक्ष नाही म्हणून या विद्यार्थ्याला शिक्षा होते : रानात जाऊन सरपण आण. तो सरपण गोळा करत असताना अंधाराच्या सरदारांची फौज मठावर कोसळते. सणाचा दिवस, सगळे योद्धे आत जमलेले. एकही वाचत नाही. वाचतो तो हा एक, बाकावरून बाहेर काढलेला. आता राजधानीत पोचून राजाला वर्दी द्यायची. मागे गियाक नावाचे सैनिक, डोक्यावर क्रान नावाचे उडते राक्षसी प्राणी. वर्गात लक्ष न देणाऱ्या विद्यार्थ्याला असे भाग्य दुसऱ्या कुठल्या ग्रंथात मिळाल्याचे मला ठाऊक नाही. आमच्या प्राध्यापकांनी याची नोंद घ्यावी.

विशेष असे की हा नायक मुख्यतः पळतो. दहा विद्यांपैकी पाच निवडून निघायचे असते. त्यांत शस्त्रविद्या आहे, तशीच लपण्याची विद्या आहे, माग काढण्याची आहे, पशूंशी मैत्रीची आहे. कित्येक लढायांत मधूनच काढता पाय घेण्याची मुभा आहे आणि त्याबद्दल पुस्तक आपल्याला भित्रा म्हणत नाही. पाठलाग होणाऱ्याने जिवंत पोचणे हीच त्याची कामगिरी. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेली १६६० सालची ती पावसाळी रात्र ज्यांनी लहानपणी आजीकडून ऐकली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

मी हे आमच्या एका सरांना दाखवले. ते म्हणाले, “ही सापशिडी आहे. वाङ्मयात हिला जागा नाही.” सरांचा मान राखून म्हणते, मला ते पटले नाही. सापशिडीत दान पडेल तसे जायचे, तिथे वाचायला काही नसते. इथे दान पडण्याआधी वाक्य वाचावे लागते आणि ते घाईने वाचले तर जीव जातो. वाटेत भेटलेला माणूस जरा जास्तच गोड बोलतो आहे, हे ज्याने टिपले नाही तो पुढच्या परिच्छेदात पस्तावतो. परीक्षेपुरत्या वाचलेल्या किती कादंबऱ्या आम्ही इतक्या जपून वाचतो? भाषा साधी आहे, कुठे कुठे रुक्षही आहे, हे कबूल. स्त्रिया फारशा भेटत नाहीत, निदान मी निवडलेल्या वाटांवर तरी भेटल्या नाहीत. आणि फसवायला हे पुस्तक फार सोपे. मागच्या पानात बोट ठेवायचे, पुढे मरण दिसले की परत फिरायचे. मामाला फोन करून विचारले तर म्हणाला, “मी एकही लढाई हरलो नाही.” कागदाचे भोक वेगळे सांगत होते.

पण मला जे सांगायचे आहे ते याच्या पुढचे आहे.

सुटीत धाकटी बहीण आणि शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा यांना घेऊन मी हे पुस्तक वाचायला बसले. दोघांनाही इंग्रजी जेमतेम, म्हणून वाचता वाचता मराठी करत गेले. पेन्सिल बहिणीच्या हातात होती. मी सुरू केले : तू रानात होतास, तुला धूर दिसला, तू मठाकडे पळालास, तू पडलास. चौथ्या-पाचव्या वाक्याला तिने पेन्सिल त्या मुलाच्या हातात दिली. मी विचारले, काय झाले? ती म्हणाली, “अक्का, हे ‘पळालास’ म्हणजे तो. मग मी काय करू बसून?”

तिचे चुकले नव्हते. इंग्रजीतल्या ‘यू’ला वचन नाही, लिंग नाही. पुस्तकातला नायक मुलगा आहे हे चित्रांत दिसते, पण वाक्यात कुणीही मुलगी बिनबोभाट शिरू शकते. मराठीत पहिल्या क्रियापदालाच दारवान उभा : आलास की आलीस? कोणी म्हणेल, आमच्याकडे मुली सर्रास ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात, पुण्याचे पाहुणे त्यावर हसतातसुद्धा. मग बेळगावच्या मुलींना ‘पळालास’चे एवढे काय? पण स्वतःला ‘येतो’ म्हणणे ही आपली मर्जी, आणि दुसऱ्याने आपल्याला ‘आलास’ म्हणणे म्हणजे त्याने आपल्याकडे पाहिलेच नाही.

मग मी कागद घेऊन बसले. ‘तुम्ही’ करून पाहिले : तुम्ही डावीकडे वळता, तुम्ही झुडपात लपता. लिंगाचा प्रश्न सुटला, पण पाठलागाची भीतीही सुटली. मागे गियाक लागलेल्याला कोणी ‘तुम्ही’ म्हणत नाही. ‘तुम्ही’ म्हणतात ते बँकेच्या खिडकीवर. ‘आपण’ तर सहलीच्या वाटाड्याचे. भविष्यकाळ घेतला : तू वळशील, तू लपशील. यात मुलगा-मुलगी भेद नाही, पण ऐकायला ज्योतिषाने पत्रिका वाचल्यासारखे, आणि पुढचे ठरलेलेच असेल तर मी पान कशाला निवडू? आज्ञार्थ घेतला : वळ, लप, पळ. हे तर मैदानावरच्या कवायतीच्या शिक्षकांचे.

आणि मग एक गोष्ट ध्यानात आली, जी शाळेत व्याकरण घोकताना कधी आली नव्हती. ‘तू कुऱ्हाड उचललीस’, ‘तू दार उघडलेस’, ‘तू शत्रूला मारलेस’. इथे क्रियापदाला लिंग मिळते ते कर्माकडून. मारणारा मुलगा की मुलगी, याची भाषेला फिकीर नाही. पण पळालास-पळालीस, लपलास-लपलीस, पडलास-पडलीस, वाचलास-वाचलीस, मेलास-मेलीस, इथे कर्म नाही, आणि भाषा लगेच विचारते, तू कोण? म्हणजे शस्त्र हातात असेपर्यंत मराठी आपल्याला कोण म्हणून विचारत नाही. पळायला लागलो की विचारते. आणि ज्याचा पाठलाग होतो आहे त्याची गोष्ट म्हणजे सगळी पळणे, लपणे, पडणे, वाचणे यांचीच. नुसत्या तलवारबाजीची पुस्तके असती तर माझे सहज भागले असते.

ही अडचण मी वर्गातल्या एका मैत्रिणीला सांगितली. ती आमच्या मासिकाच्या कन्नड विभागात लिहिते. तिने तेच चार परिच्छेद एका दुपारी कन्नडमध्ये उतरवून दाखवले आणि मला हसली. कन्नडमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ यांची क्रियापदे वेगळी, पण समोरच्याशी बोलताना भेदच नाही. ‘नीनु ओडिदे’ म्हणजे तू पळालास, आणि तू पळालीससुद्धा. तिच्या भावंडांत पेन्सिलीवरून भांडण झाले ते दोघांनाही ती हवी म्हणून. एकाच गल्लीत दोन घरे, एका घरात मुलगी रानातून पळते आहे आणि दुसऱ्या घरात ती बाजूला बसून भावाचे पळणे पाहते आहे, केवळ क्रियापदापायी! मला मनापासून हेवा वाटला.

हेवा वाटला तरी मराठीचा नाद सोडवेना. वाट शेवटी आज्जीच्या बोलण्यात सापडली. ती कुणालाच ‘तू काय केलेस’ असे फारसे विचारत नाही. तिचे असते : तुला भूक लागली का, तुला झोप आली का, तुला जायला लागतंय का. मी ‘तू’च्या जागी ‘तुला’ घातले. तुला धूर दिसला. तुला पळावे लागले. तुझा पाय घसरला. तुझ्या हातून सरपण सांडले. वर पंख वाजल्यासारखे तुला ऐकू आले. झुडपात लपायचे असेल तर अमुक परिच्छेद, धावत राहायचे असेल तर तमुक. मुलगा नाही, मुलगी नाही. शिवाय ज्याच्या मागे कोणी लागले आहे त्याची अवस्था तरी दुसरी काय असते? तो काही करत नाही. त्याला करावे लागते. इंग्रजीत नायक पळतो, माझ्या मराठीत त्याला पळावे लागते, आणि मला हे मूळापेक्षा गोष्टीच्या जास्त जवळचे वाटते. अनुवाद करणाऱ्याने असे म्हणू नये म्हणतात. मी म्हटले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की असे पुस्तक मराठीत कोणीतरी सरळ मराठीतच लिहावे. त्याला सॉमरलंडचे राज्य नको. पन्हाळ्याच्या त्याच रात्री वाटेवरच्या एखाद्या वाडीतले एक पोर घ्यावे. इतिहासाने त्याचे नाव ठेवलेले नाही, त्यामुळे ते जगते की मरते हे आधी कुणालाच ठाऊक नाही. दारावर थाप पडते. पाऊस आहे, हातात दिवटी आहे, कोण आहे ते कळत नाही. ३५० परिच्छेद नकोत, शंभर पुरेत. आमच्या वर्गात दहा जण आहेत जे पीएच. डी.च्या विषयासाठी आतापासूनच डोके खाजवत आहेत; त्यांतल्या एकाने एका सुटीत हे मनावर घेतले तरी पुरे.

माझे ते चार परिच्छेद, ‘तुला’ घालून नव्याने लिहिलेले, मी मे महिन्यात पुन्हा त्याच दोघांना वाचून दाखवले. पेन्सिल मध्ये ठेवली होती. बहिणीने उचलली. लपण्याची विद्या तिने निवडलेलीच नव्हती, मागच्या वेळी त्या मुलाने निवडली होती म्हणून. वर पंख वाजले. धावत राहायचे तिने ठरवले, डोळे मिटून टोक टेकवले, शून्य आले. मी परिच्छेद वाचला. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग आतल्या खोलीकडे पाहून ओरडली, “आई, मी मेलो!”

तिचे डावे बोट मागच्या कागदावर होतेच.