शाळेच्या ओसरीवरून : चिलखताचे अस्तर

२ ऑगस्ट हा आमच्या दादरा-नगर हवेलीचा मुक्तिदिन. १९५४ साली याच दिवशी सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटले. त्यांचे पोलीस प्रथम आमच्या खानवेलकडे हटले आणि ११ ऑगस्टला उदवा येथे शरण आले. त्या लढ्यात गायक सुधीर फडके होते, तसेच पुढे शिवशाहीर म्हणून घरोघरी पोहोचलेले बाबासाहेब पुरंदरेही होते. तेव्हा मुक्तिदिनाला मुलांनी शिवकालातील एखादा प्रवेश करावा, असे गेल्या वर्षी आम्ही ठरविले, ते अगदीच अस्थानी नव्हते.

प्रवेश ठरला, आणि मावळ्यांच्या चिलखतांचा प्रश्न उभा राहिला. पत्र्याचे चिलखत दहा वर्षांच्या मुलाला पेलत नाही. पुठ्ठ्याचे करावे, तर ऑगस्टात साकरतोड नदी दुथडी भरून वाहत असते आणि हवेतील दमटपणाने पुठ्ठा दोन दिवसांत मान टाकतो. आमच्या चित्रकला-शिक्षकांनी तोड सुचविली : चपलांच्या तळव्याला वापरतात तसल्या फोमची चिलखते कापावीत आणि वर रेझिनचा कठीण लेप द्यावा. फोम हलका खरा, पण बोट दाबले की खळगा पडतो. लेप बसला म्हणजे तोच पत्र्यासारखा दिसतो.

कल्पना नवी वाटली, तरी तिचे कूळ जुने आहे. आपल्याकडील जुन्या ढाली पुष्कळदा गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याच्या असत आणि त्यांवर रोगणाचे थर चढवीत. शेजारच्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याचे मुखवटे कागदाच्या लगद्याचेही करतात. हलक्या अंगाला कठीण कातडी देण्याची युक्ती आमच्या डोंगरांना परकी नाही.

तरीही पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. शिरस्त्राण थर्माकोलचे कोरले होते. त्यावर आम्ही टाक्या दुरुस्त करण्याचे स्वस्त पॉलिएस्टर रेझिन फासले. पाहता पाहता शिरस्त्राण आतून विरघळू लागले आणि चिकट लगदा तेवढा हाती राहिला. या रेझिनमध्ये स्टायरीन असते आणि थर्माकोल त्यात मीठ पाण्यात विरघळावे तसे विरघळते, हे विज्ञान-शिक्षकांनी नंतर सांगितले. थर्माकोलला इपॉक्सी रेझिन चालते.

पुढे रीत बसली, ती अशी. फोमची छिद्रे पाजळलेल्या उष्ण हवेने मिटवावीत, मग पांढऱ्या गोंदाचे तीन-चार पातळ हात द्यावेत. हे अस्तर. ते नसेल तर फोम रेझिन पिऊन टाकतो. इपॉक्सी आणि त्याचा हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणातच, अगदी मोजून घ्यावा. जास्त हार्डनर घातल्याने लेप लवकर वाळत नाही, बिघडतो मात्र. एका वेळी थोडेच कालवावे, कारण खोल भांड्यात मोठा घाणा आपोआप तापतो आणि धुमसूही लागतो. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर बरे. कोपर, खांदा, कंबर येथे लेप देऊ नये. वाकताच तो तडकतो. तेथे फोमचे वेगळे तुकडे करून पट्ट्यांनी जोडावेत. पावसाळी हवेत वाळलेल्या लेपावर तेलकट साय येते, ती कोमट पाण्याने धुवून मगच काचकागद फिरवावा व रंग द्यावा.

आता जे सांगावयाचे, ते सांगताना संकोच वाटतो. बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून आम्ही खिडक्या लावून वर्गातच लेप देत बसलो. सातवीतील एक मुलगी हाताची फार नेटकी. तिला आम्हीच कुंचला दिला. हातमोजे आणावयाचे राहून गेले होते. तिसऱ्या दिवशी तिच्या मनगटांवर लाल पुरळ उठले. डॉक्टरांनी सांगितले की, त्वचेला या द्रव्याचे एकदा वावडे झाले की ते बहुधा जन्मभर राहते. तिने पुन्हा याला हात लावू नये.

तिचे वडील शाळेत आले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "गुरुजी, हे कशानं झालं?" कारण पुष्कळ सांगता आले असते. "आमच्या घाईनं झालं, भाऊ," इतकेच आम्ही म्हणालो. फोमला अस्तर देण्यास आम्ही विसरलो नव्हतो. ज्या हातांनी ते दिले, त्यांना अस्तर देण्यास विसरलो होतो.

तेव्हापासून आमच्या शाळेत नियम आहे : रेझिन कालविणे, लावणे आणि घासणे हे मोठ्यांचे काम, तेही उघड्या ओसरीवर, हातमोजे घालून, घासताना नाकातोंडाला योग्य मुखपट्टी बांधून. आखणी, कापणी व शिवण मुलांची. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरकडील मंडळांत गणेशोत्सवासाठी अशी चिलखते करू इच्छिणाऱ्या वाचकांनी आमची रीत जरूर घ्यावी. आमची चूक मात्र घेऊ नये.

प्रवेश चांगला झाला. तलवारीचे लाकडी घाव चिलखतांनी झेलले, एकही तडकले नाही. पडद्याआड ती मुलगी संवाद सांगण्यास उभी होती. यंदाच्या चिलखतांची आखणी तिने केली आहे, आणि ती गेल्या वर्षीपेक्षा सरस आहे.